योटुनहाइमेनमधलं बिनराखणीचं कोठार

नॉर्वेतल्या डोंगरांत जाऊन आलो म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘बेसेग्गेन केलं का?’ केलं. बेसेग्गेन म्हणजे योटुनहाइमेन या डोंगररांगेतली एक अरुंद धार. बोटीने तलावाकाठच्या मेमुरुबूला उतरून तिच्यावर चढलो. एका बाजूला ९८४ मीटरवरचा येंदे तलाव, हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठामुळे हिरवागार. दुसऱ्या बाजूला त्याच्याहून जवळपास चारशे मीटर उंचावर बेसवात्नेट तळं, गडद निळं. मध्ये ती धार. दृश्याला तोड नाही. पण शनिवार होता, अरुंद जागी रांग लागली होती आणि कुणाच्या तरी सॅकमध्ये स्पीकर वाजत होता. एवढ्या लांब येऊन हेच ऐकायचं असेल तर माणसं डोंगरात येतात कशाला, हे मला कळत नाही.

मला सांगायचंय ते ओलाव्सबूबद्दल, डोंगरात मुक्कामासाठी बांधलेल्या एका हटबद्दल.

येंदेच्या पश्चिम टोकाला येंदेबू ही हट आहे. तिथून दिवसभर चालल्यावर योटुनहाइमेनच्या अगदी पोटात ओलाव्सबू लागतं. उंची साधारण १४४० मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा दोनशे मीटर कमी. कळसूबाईच्या माथ्याला पावसाळ्यात हिरवं गवत असतं. इथे झाडं केव्हाच खाली राहिलेली आणि उरलेले नुसते धोंडे, शेवाळ आणि उन्हाळा सरत आला तरी न विरघळलेला बर्फ. दगडांच्या ढिगांवर रंगवलेला लाल ‘टी’ दिसला की पुढच्या ढिगाकडे निघायचं. दुपारनंतर आडवा पाऊस लागला. हातमोजे पिळून घालत आम्ही पोचलो.

नॉर्वेची ट्रेकिंग संघटना, डीएनटी, १८६८ सालची. देशभरात तिच्या साडेपाचशेच्या आसपास हट्स आहेत. काहींत जेवण-खाण मिळतं, काहींत माणूसच नसतो. ओलाव्सबू दुसऱ्या प्रकारचं. उन्हाळ्याच्या गर्दीत स्वयंसेवक असतात, पण आम्ही गेलो तेव्हा हंगाम सरला होता. सदस्यांना अनामत ठेवून एक किल्ली मिळते आणि त्याच किल्लीने अशा बहुतेक हट्स उघडतात. नवऱ्याने कुलूप काढलं. आत कुणी नाही. शेगडीशेजारी फोडलेली लाकडं, काडेपेटी, भिंतीवर दरपत्रक, आणि एक दार उघडलं तर कोठार. फळ्यांवर डबाबंद जेवण, सुपं, ओट्स, कुरकुरीत पाव, कॉफी. हवं ते घ्यायचं, घेतलेलं लिहायचं, मुक्कामाचे आणि सामानाचे पैसे मागाहून भरायचे. पूर्वी कागद भरून पेटीत टाकायचा. आता घरी पोचल्यावर ऑनलाइन भरले तरी चालतात. तपासायला कुणी नाही.

मी त्या कोठाराच्या दारात ओल्या कपड्यांनी बराच वेळ उभी राहिले. हे सगळं सामान कुणीतरी या धोंड्यांतून इथवर पोचवलंय. ते ज्यांच्यासाठी ठेवलंय त्यांची नावं ठेवणाऱ्याला माहीत नाहीत. आणि तरीही दर फळीवर माल शिल्लक आहे! हरिश्चंद्रगडाच्या गुहेत आदल्या ग्रुपच्या रिकाम्या बाटल्या गोळा करत मी वाढले आहे, त्यामुळे ते शिल्लक असणंच मला सगळ्यात मोठं वाटलं.

संध्याकाळी सत्तरीच्या आसपासचं एक नॉर्वेजियन जोडपं आलं. मान हलवून नमस्कार, बस. आजोबांनी ओढ्यावरून पाण्याच्या बादल्या आणल्या, आजींनी आमचे बूट शेगडीपासून बेताच्या अंतरावर हलवले. फार जवळ ठेवले की चामडं तडकतं म्हणाल्या. बोलणं जवळपास एवढंच. नॉर्वेजियन माणूस तुसडा असतो असं आपल्याकडचे लोक लिहितात, ते मला अजिबात पटत नाही. आजी सकाळी निघण्याआधी लाकडं फोडत होत्या. मी म्हटलं, तुम्ही राहू द्या, आम्ही फोडतो. त्या म्हणाल्या, “तुम्ही जमीन झाडा. लाकूड माझं झालं.” कामं वाटून झाली. भांडी पुसली, कचरा सॅकमध्ये भरला, नोंदवहीत कुठून आलो आणि पुढे कुठे जाणार ते लिहिलं. कुणी हरवलंच तर शोध या वहीवरून सुरू होतो.

त्यानंतर गाल्ढ्योपिग्गेनही केला, २४६९ मीटर, उत्तर युरोपातलं सर्वोच्च शिखर, हिमनदीवरून दोराला बांधून. छान होता.

हल्ली मराठी ट्रेकर ग्रुप नॉर्वेला निघतात, मलाही विचारतात. जरूर या. फक्त पंचवीस जणांनी मिळून अशा हटवर येऊ नका. इथे आयत्या वेळी दमून आलेल्यालाही परत पाठवत नाहीत, जमिनीवर गादी टाकून का होईना सामावून घेतात. पण तुमच्या ग्रुपने सगळ्या गाद्या व्यापल्या तर मागून पावसात येणाऱ्याने काय करायचं? चौघं-पाच जण या. आणि कोठारातून एक बिस्किट घेतलंत तरी ते लिहा.