रेणू सोफ्यावर नुसती बसते तेव्हा

‘ये जो है जिंदगी’ म्हटलं की आधी सतीश शाह आठवतात, आणि ते साहजिकच आहे. १९८४मध्ये मालिका दूरदर्शनवर सुरू झाली आणि ते भागागणिक नव्या सोंगात येऊ लागले. टिकू तलसानियांचं ‘ये क्या हो रहा है’ तर घरोघरी पोचलं. पण इतकी सोंगं ज्या दिवाणखान्यात येऊन धुडगूस घालतात, तो दिवाणखाना आधी खरा वाटावा लागतो. ती जबाबदारी रणजित आणि रेणू या जोडप्यावर होती, म्हणजे शफी इनामदार आणि स्वरूप संपत यांच्यावर. स्वरूप संपत यांच्या त्या कामाचं व्हायला हवं तितकं कौतुक झालं नाही, असं मला ठामपणे वाटतं.

१९७९च्या त्या मिस इंडिया. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात पर्थला झालेल्या मिस युनिव्हर्समध्ये त्या भारताकडून उतरल्या. वडील बचू संपत मुंबईच्या गुजराती रंगभूमीवरचे, त्यामुळे नाटक घरातच होतं. शृंगार कुंकवाच्या जाहिरातींमुळे चेहरा ओळखीचा झाला, १९८१मध्ये ‘नरम गरम’ आणि ‘नाखुदा’ हे चित्रपट आले. मग छोटा पडदा.

सौंदर्यस्पर्धेची तालीम आणि मालिकेतलं काम यांत किती अंतर आहे, हे बाहेरून कळत नाही. रॅम्पवर हनुवटी किंचित वर, खांदे मागे, भार मागच्या पायावर आणि हसू अर्धा तास तसंच टिकवायचं. समोर परीक्षक आणि प्रेक्षक असतात, शेजारच्या मुलीकडे बघायचं नसतं. कॅमेऱ्यासमोर हेच अंगाशी येतं. हनुवटी वर राहिली की डोळे अर्धे मिटल्यासारखे दिसतात आणि समोरच्या पात्राला आपण तुच्छ लेखतोय असं वाटतं. टिकवलेलं हसू क्लोजअपमध्ये दोन सेकंदांत खोटं पडतं. प्रश्नोत्तरांच्या फेरीत वाक्य ठासून संपवायची सवय लागते. संवादात तसं केलं की पुढच्याला धरायला काही उरतच नाही, आणि सीन तिथेच बसतो.

चहाचा साधा सीन घ्या. नवरा बाहेरून येतो, बायको कप देते, दोन-चार वाक्यं होतात. आधी मास्टर, म्हणजे सगळा सीन रुंद फ्रेममध्ये. मग तिच्या खांद्यावरून तो, त्याच्या खांद्यावरून ती, मग दोघांचे क्लोज. एक मिनिटाचा सीन असा चार-पाच वेळा करायचा. मास्टरमध्ये कप ‘अहो’ या शब्दावर उचलला असेल, तर क्लोजमध्येही ‘अहो’वरच उचलावा लागतो, आणि त्याच हाताने. नाहीतर एडिटिंगच्या टेबलावर दोन शॉट जुळत नाहीत आणि उत्तम टेक फुकट जातो. मार्क, म्हणजे कॅमेऱ्यासाठी जमिनीवर टेप लावून ठरवलेली उभं राहायची जागा, अचूक गाठायचा तर आधी त्या टेपवर उभं राहावं आणि तिथून उलटं चालत पावलं मोजत दारापर्यंत जावं. पाच पावलं भरली तर शॉटमध्येही पाचच टाकायची, खाली बघायचं नाही. रॅम्पवर सरळ रेषेत चालायची सवय झालेली मुलगी नेमकी इथे अडते, कारण घरातली बाई चालताना टीपॉयला वळसा घालते.

आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे ऐकणं. विनोदी मालिकेत हशा बोलणाऱ्याचा वाटतो, पण तो पिकतो ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर. रेणूची कुठलीही दृश्यं आवाज बंद करून बघा. भाऊ राजा, म्हणजे राकेश बेदी, काहीतरी अचाट बोलत असतो. ती आधी त्याचं वाक्य पूर्ण होऊ देते, क्षणभर थांबते, मग नजर नवऱ्याकडे जाते. तो क्षण आखूड झाला तर विनोद चिरडतो, लांबला तर शिळा होतो. घरात नाटक होतं, त्याचा उपयोग इथे झाला असावा असं मला वाटतं, कारण हे स्पर्धेत कोणी शिकवत नाही.

आज गोरेगावच्या चित्रनगरीत किंवा ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या सेटवर येणाऱ्या मुलीला वेळ आणखी कमी मिळतो. तेव्हा भाग आठवड्याला एक असायचा. आता रोजची मालिका, बारा तासांची शिफ्ट, आणि कितीदा तरी सीन मेकअप चालू असताना हातात पडतो. किताब जिंकलेल्या मुलीने त्याआधी एक कागद नीट वाचावा: आयोजकांशी झालेला करार. तो चालू असताना बाहेरचं काम घ्यायला त्यांची परवानगी लागू शकते, कमिशनही कापलं जाऊ शकतं. मालिकेच्या करारात महिन्याला किमान किती दिवसांची हमी आहे आणि पैसे किती दिवसांनी मिळणार, हे आकड्यांतच लिहून घ्यावं. नव्वद दिवसांची मुदत इथे सर्रास असते. म्हणजे पहिला चेक येईपर्यंत तीन-चार महिन्यांचं घरभाडं हाताशी हवं.

स्वरूप संपत पुढे पडद्यापासून बऱ्याच लांब गेल्या. इंग्लंडच्या वूस्टर विद्यापीठातून त्यांनी पीएचडी केली. विषय होता शिकण्यात अडचणी असलेल्या मुलांना नाटकातून जीवनकौशल्यं शिकवणं. २०१९च्या ग्लोबल टीचर प्राइझच्या अंतिम दहा शिक्षकांत त्यांचं नाव होतं, स्वरूप रावल या नावाने. त्याच वर्षी ‘उरी’ आला, त्यात त्या आईच्या भूमिकेत आहेत.