सकाळी साडेआठचा स्टील टाइम आणि नव्या व्हीपीएसची निवड

जुलैची संततधार सुरू झाल्यापासून आपल्या पर्जन्यजाळ्याचा, म्हणजे गोव्यातील पर्जन्यमापकांच्या जाळ्याचा, सर्व्हर (भाड्याचा व्हीपीएस, म्हणजे एकाच यंत्रावर इतरांसोबत वाटून घेतलेला आभासी सर्व्हर) रोज सकाळी साडेआठलाच का गुदमरतो, याचे उत्तर अखेर सापडले आहे. मागच्या नोंदीत मी डेडिकेटेड, म्हणजे फक्त आपल्यासाठी राखीव सीपीयूचा महाग प्लॅन घेण्याच्या निर्णयापर्यंत आलो होतो. तो निर्णय सध्या थांबवला आहे आणि त्यामागची कारणे सविस्तर मांडणे आवश्यक वाटते.

भार मुळात किती आहे, ते आधी पाहू. आता मापकांची संख्या साठ झाली असून नवे मापक बहुतेक सत्तरी, सांगे आणि धारबांदोड्यातील आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याशी थोड्या अंतरात पाऊस इतका बदलतो की तिथे मापक दाट हवेतच. प्रत्येक मापक मिनिटाला एक नोंद पाठवतो, म्हणजे दिवसाला ८६,४०० नोंदी, सरासरी सेकंदाला एक. पोस्टग्रेस या आपल्या डेटाबेससाठी हे काहीच नाही. खरी धावपळ साडेआठला होते, कारण भारतीय हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ला संपतो आणि आपणही चोवीस तासांची बेरीज तेव्हाच करून समपर्जन्य रेषांचा नकाशा काढतो. आदल्या रात्री वाळपईत ११५.६ मिलिमीटरची, म्हणजे ‘अति जोरदार’ पावसाची, रेषा ओलांडली गेली का, हे पाहायला सगळेच त्या वेळी येतात. एरवी मिनिटाच्या आत तयार होणारा नकाशा नेमका तेव्हा तीन-चार मिनिटे घेत होता.

लोड ॲव्हरेज (रांगेतल्या कामांची सरासरी) पाहून दोन कोअर अपुरे आहेत, असे कोणालाही वाटेल. परंतु सर्व्हरची स्थिती दाखवणारे व्हीएमस्टॅट चालू ठेवून बसलो, तेव्हा डिस्कची प्रतीक्षा नगण्य होती, रॅम मोकळी होती आणि ‘एसटी’ (स्टील) रकाना साठ टक्क्यांच्या वर गेला होता. आपला व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) काम करायला तयार असूनही हायपरवायझरने, म्हणजे यंत्र सगळ्यांत वाटून देणाऱ्या प्रणालीने, त्याला प्रत्यक्ष प्रोसेसरवर जागा दिली नाही, असा तो वेळ, म्हणजेच स्टील टाइम. म्हणजे कोअर होते, पण त्या क्षणी ते आपल्या वाट्याला येत नव्हते.

मग प्रश्न राहिला तो वेळेचा: साडेआठच का? आपल्याच कामामुळे तसे होते का, हे तपासण्यासाठी नकाशाचे काम पावणेआठला हलवले. तेव्हा स्टील जवळजवळ शून्य. साडेआठला सर्व्हर रिकामा ठेवला, तर तेव्हाही शून्य. पण हा पुरावा फसवा आहे, कारण आपण सीपीयू मागितलाच नाही तर तो नाकारला गेल्याची नोंदही होत नाही. म्हणून सिसबेंच या वेग मोजणाऱ्या साधनाचे एक छोटे, एकसारखे काम रात्रंदिवस दर मिनिटाला चालवले आणि सर्व्हरच्या कामाची नोंद ठेवणाऱ्या एसएआरचे आकडे आलेखावर मांडले. सकाळी ५:३० ला एक लहान उंचवटा आणि ८:३० ला मोठा सुळका, रोज, नेमाने. आलेखाखाली यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) पट्टी लावताच उलगडा झाला. ५:३० म्हणजे यूटीसी मध्यरात्र आणि ८:३० म्हणजे यूटीसी पहाटेचे तीन. बहुतेक सर्व्हर यूटीसीवर चालतात, लॉग फिरवण्याचे (जुन्या नोंदींची फाइल बाजूला ठेवून नवी उघडण्याचे) दैनंदिन काम मध्यरात्री सुरू होते आणि बॅकअपसाठी पहाटे तीनची वेळ जगभर आवडती आहे. आपला पावसाचा दिवस आणि त्याच यंत्रावरच्या शेजाऱ्यांचे बॅकअप एकाच ठोक्यावर येत होते. तो आलेख पाहून झालेला आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे.

यामुळे प्लॅन निवडण्याची माझी पद्धतच बदलली. कोअर आणि जीबी यांच्या जाहिरातीवर जाण्यात अर्थ नाही. तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळणारा व्हीपीएस घ्यावा, त्यावर हेच सिसबेंचचे काम किमान दोन-तीन सकाळी चालवावे आणि मगच ठरवावे. एसटीचा आकडा सगळीकडे प्रामाणिकपणे दिसेलच असे नाही, म्हणून कामाला लागलेला प्रत्यक्ष वेळही मोजावा. स्वतःचे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मिळते म्हणून केव्हीएम पद्धतीचा आभासी सर्व्हरच घ्यावा, एकच कर्नल सगळ्यांत वाटणारे कंटेनर पद्धतीचे स्वस्त प्लॅन टाळावेत. क्रेडिटवर चालणारे, म्हणजे कमी वापराच्या वेळी साठलेला सीपीयूचा वाटा नंतर खर्च करू देणारे प्लॅन आपल्याला कितपत मानवतील, याविषयी मी साशंक आहे. उदाहरणार्थ, एडब्ल्यूएसच्या टी३ स्मॉलमध्ये प्रत्येक व्हीसीपीयूची पायाभूत मर्यादा २० टक्के आहे. दिवसभर साठलेली क्रेडिट सकाळच्या नकाशाला पुरतील, पण पावसाच्या रात्री वाचकांची वर्दळ ती आधीच संपवू शकते.

जागेबाबत माझे मत स्पष्ट आहे. मापकांना अंतराने फरक पडत नाही, कारण नोंदी पाठवणाऱ्या एमक्यूटीटी प्रोटोकॉलची जोडणी सतत उघडी असते. वाचकांना मात्र पडतो. टीएलएस १.३ (सुरक्षित जोडणीची नवी, वेगवान पद्धत) असले तरी पहिला मजकूर हाती येण्यापूर्वी वाचक आणि सर्व्हर यांच्यात तीन फेऱ्या होतात आणि जर्मनीची एक फेरी दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास जाते. हेट्झनर या जर्मन कंपनीचे दर कितीही आकर्षक असले तरी त्यांचे डेटा सेंटर भारतात नाही. मुंबईत लिनोड आणि व्हल्टर, बंगळुरूत डिजिटलओशन हे पर्याय आहेत. डॉलरमधील दरावर १८ टक्के जीएसटी धरूनच तुलना करावी.

वीज परत आल्यावर येणारा लोंढा या काळात मार्गी लागला. झाड तारांवर पडून वीस मापकांचा संपर्क सहा तास तुटला, तर इंटरनेट परतताच ७,२०० साठलेल्या नोंदी एकदम येतात आणि प्रत्येक नोंद पक्की करण्यासाठी (कमिट) डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबावे लागते (एफसिंक). आता पाचशे नोंदी एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकाच कमिटमध्ये, जातात आणि मापकातील ईएसपी३२ चिपच्या फर्मवेअरमध्ये पाठवण्यापूर्वी यादृच्छिक विलंब घातला आहे. परवा पेडण्याकडील मापक एकाच वेळी परतले, तेव्हा आलेखावर साधी लहरही उमटली नाही.

हे लिहीत असतानाच एक गोष्ट लक्षात आली. नकाशासाठी आपण व्यस्त अंतराच्या पद्धतीने (जवळच्या मापकाला जास्त भार देऊन) नकाशाच्या प्रत्येक चौकटीचा पाऊस काढतो आणि प्रत्येक वेळी सगळी अंतरे नव्याने मोजतो. मापक तर जागचे हलत नाहीत. अंतरांचे भारांक एकदाच काढून फाइलीत ठेवले, तर सकाळी फक्त एक मॅट्रिक्स गुणाकार उरतो. एखादा मापक बंद असेल तर त्याचा स्तंभ वगळून उरलेल्या भारांकांची बेरीज पुन्हा एक करायची. पावसाची बेरीजही दिवसभर चढती ठेवता येईल. मग साडेआठला सीपीयू अर्धा मिळाला तरी कोणाला थांबावे लागणार नाही आणि डेडिकेटेड प्लॅनची गरजच उरणार नाही.

म्हणून आता बेत असा: आधी हा बदल, नंतर मुंबईतील दोन शेअर्ड प्लॅन तासाच्या भाड्याने घेऊन सकाळची चाचणी, आणि ज्याचा सुळका कमी त्यावर चवथीपूर्वी स्थलांतर. डीएनएसचा टीटीएल (जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) आजच ३०० सेकंदांवर आणला आहे. नवीन सर्व्हरवर बॅकअपमधून डेटाबेस पूर्ण उभा राहतो का, हे पाहिल्याशिवाय जुना बंद करणार नाही. काणकोण आणि केप्याच्या मापकधारकांनी नवे फर्मवेअर या आठवड्यात चढवावे, कारण जुन्यात सर्व्हरचा आयपी पत्ता थेट लिहिलेला आहे.