मामाच्या पम्पकिनला ब्रशलेस मोटर

जुन्या आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या ट्रकला ब्रशलेस (कार्बन नसलेली) मोटर घालायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो केव्हीचा, म्हणजे मोटरीच्या वेगाच्या आकड्याचा. किती केव्हीची घेतेस, तीन हजार की चार हजार? माझ्या मते हा आकडा सगळ्यात शेवटी ठरवायचा. आधी गिअरबॉक्स उघडायचा, दातांवरून बोट फिरवायचं, मागचा एक्सल हलवून किती खेळ आलाय ते बघायचं. मोटरीच्या जागेत किती मोकळीक ठेवलेली आहे तेही समजून घ्यायचं. माझ्या ट्रकचं उत्तर तरी तिथेच होतं.

ट्रक म्हणजे टामियाचा मिडनाइट पम्पकिन, १९८७ सालचं मॉडेल. जुन्या फोर्ड पिकअपच्या घाटाची टणक काळी बॉडी, चकाकतं क्रोम आणि गाडीच्या मानाने अवाढव्य टायर. मामा तेव्हा मस्कतला नोकरीला होता. सुट्टीवर येताना त्याने किटचा खोका आणला आणि आमच्या डिचोलीच्या घरी सोप्यावर बसून आम्ही दोघांनी तो जोडला. पुस्तिकेतली चित्रं बघून मामा सांगायचा, मी स्क्रू पिळायची. स्क्रू ड्रायव्हर धरायला मला त्यानेच शिकवलं. म्हणून या गाडीत काही बदलायचं तर मला घाई चालत नाही.

मूळ मोटर ५४० मापाची, चंदेरी डब्याची. म्हापशाला रिवाइंडिंग करणारे एक वयस्क गृहस्थ आहेत. मिक्सर, पंप, ड्रिल, सगळं त्यांच्याकडे येतं. त्यांनी ती हातात घेऊन दोन बोटांनी फिरवली आणि लगेच म्हणाले, "बाय, हिचे कार्बन सोंपले." मिक्सरचे कार्बन बदलता येतात, पण या मोटरीच्या डब्याची कड दुमडून कायमची बंद केलेली असते, त्यामुळे तो मार्ग नव्हता. इतकी वर्षं चालली, तिने आपलं काम केलं.

तशीच नवी मोटर आजही मिळते आणि स्वस्त मिळते. गाडी कधीमधी अंगणात फिरवायची असेल तर तीच घ्या, हे मी मनापासून सांगते. मला ब्रशलेस हवी होती ती आमच्या धुळीमुळे. इथली जमीन जांभ्याची. उन्हाळ्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, गाडी नेली की तांबडी बारीक धूळ डब्याच्या भोकांतून आत शिरते आणि कार्बन व कॉम्युटेटर (ज्यावर कार्बन टेकतात तो फिरता तांब्याचा भाग) दोन्ही घासत राहते. ब्रशलेसमध्ये कॉम्युटेटरच नाही. मधे चुंबकाचा रोटर, भोवती तीन फेजचं वायंडिंग आणि कुठल्या फेजला कधी करंट द्यायचा ते ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोल, ठरवतो. धुळीचा त्रास उरतो तो फक्त दोन बेअरिंगना, आणि ती बदलता येतात.

मापांची काळजी मात्र करावी लागली नाही. ५४० मोटर ३६ मिलिमीटर व्यासाची, बसवायची भोकं एकमेकांपासून २५ मिलिमीटरवर, शाफ्ट ३.१७ मिलिमीटर. ही मापं या छंदात इतकी रुजली आहेत की ३६५० म्हणून विकली जाणारी आजची ब्रशलेस मोटर चाळीस वर्षांपूर्वीच्या गिअरबॉक्सवर सरळ बसते. ३६ हा व्यास आणि ५० ही लांबी. त्याहून लांब मोटर घेण्याआधी मात्र पट्टी लावून बघा, पम्पकिनच्या मागच्या बाजूला फार जागा नाही.

आता मुद्द्याचं. या चॅसिसमध्ये मोटर, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल हा एकच गठ्ठा आहे आणि तो सस्पेन्शनवर सगळा मिळून हलतो. थ्रॉटल दाबला की चाकं पुढे फिरतात आणि हा गठ्ठा उलट्या दिशेने पिळायला बघतो. नाक वर उचललं जातं, गाडी मागच्या चाकांवर उड्या मारते. साध्या मोटरीवरसुद्धा हा ट्रक व्हीली करतो, आणि लहान मुलांना तो आवडतो त्याचं कारणही तेच. त्यात मोटरीची जागा पक्की. पिनियन, म्हणजे मोटरीच्या शाफ्टवरचा लहान गिअर, १८ दातांचा घालता येतो किंवा २० दातांचा, बस्स. इतर गाड्यांत वेगवान मोटर घेऊन पिनियन लहान करता येतो, वेग उतरवून जोर वाढवता येतो. इथे ती सोय नाही. गिअर बदलता येत नाही, म्हणून जो काही वेग हवा तो मोटर निवडतानाच ठरवावा लागतो.

मग हिशेब सोपा होतो. केव्ही म्हणजे भार नसताना एका व्होल्टला मिनिटाचे किती फेरे. जुनी चंदेरी मोटर ७.२ व्होल्टवर साधारण १५,००० फेरे घेते, म्हणजे दोन हजारांच्या आसपास केव्ही धरा. माझी आताची बॅटरी २एस लायपो, म्हणजे दोन सेलची लिथियम पॉलिमर, ७.४ व्होल्ट, पूर्ण चार्ज असताना ८.४. त्यावर ३,३०० केव्हीची मोटर २४,००० फेऱ्यांच्या पुढे जाते. दात तेच, टायर तेच, आणि वेग एकदम दीडपटीहून जास्त. साडेअकरा सेंटिमीटरचे पोकळ, जड टायर त्या वेगाला फुगतात, आणि त्यांचा प्रत्येक हिसका जुन्या नायलॉनच्या दातांवर येतो. मी ते करणार नव्हते.

कमी केव्हीची मोटर अशक्त, अशी समजूत फार पसरलेली आहे. ती चुकीची आहे. तारेचे वेढे जास्त असले की केव्ही कमी होतो, पण तेवढ्याच अँपिअरला पिळण्याचा जोर वाढतो. दोन हजार केव्हीची मोटर एका अँपिअरमागे चार हजारवाल्या मोटरीच्या दुप्पट टॉर्क देते. मोठ्या चाकांच्या, गिअर न बदलता येणाऱ्या ट्रकला हवं असतं ते हेच.

सेन्सर (रोटर कुठे आहे ते सांगणारा) असलेल्या मोटरी वेढ्यांच्या आकड्याने, म्हणजे 'टी'ने, विकल्या जातात. १३.५टी म्हणजे ढोबळमानाने तीन हजार केव्ही, १७.५टी बाविसशेच्या आसपास, २१.५टी अठराशेच्या आसपास. कंपनीगणिक थोडा फरक पडतो. मी १७.५टी घेतली आणि पिनियन १८ दातांचा ठेवला. मूळ वेगापेक्षा किंचित जास्त, गाडीच्या स्वभावाला धक्का नाही. माझा भाचा एकटाच चालवणार असता तर २१.५टी घेतली असती.

सेन्सरच्या बाबतीत मी जास्त घोळले. बिनसेन्सरची मोटर स्वस्त, तिची वायरिंग सोपी आणि तिच्या जोडीला पाण्यापासून संरक्षण असलेले ईएससी सहज मिळतात. आमच्याकडे जूनपासून भिंतीसुद्धा ओल धरतात, त्यामुळे हा विचार टाकून देण्यासारखा नव्हता. पण बिनसेन्सरच्या मोटरीत रोटर कुठे थांबलाय हे ईएससीला तो फिरू लागल्याशिवाय कळत नाही. निघताना ती अडखळते, कडकड वाजते, आणि भार जड असला की ते जास्तच जाणवतं. प्रत्येक अडखळणं म्हणजे गिअरला एक ठोसा. सेन्सरवाल्या मोटरीत हॉल सेन्सर रोटरची जागा आधीच सांगतात, गाडी मुंगीच्या चालीनेही निघते. जुने दात वाचवायचे म्हणून मी सेन्सर घेतला, आणि भर पावसात गाडी बाहेर काढायची नाही असं ठरवलं. मोरजीच्या वाळूवर तर नाहीच नाही. खारं पाणी बेअरिंगला लागलं की गंज चढायला वेळ लागत नाही.

सेन्सरवाली मोटर जोडताना ए, बी, सी या तीन तारा ईएससीवरच्या त्याच अक्षरांना जोडायच्या. बिनसेन्सरच्या मोटरीत कुठल्याही दोन तारा उलटवून दिशा बदलता येते, इथे तसं करू नये.

बसवताना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्क्रूची लांबी. जुन्या मोटरीचे एम३ स्क्रू आत थोडे जास्त गेले तरी सहसा काही बिघडत नसे. ब्रशलेसमध्ये पुढच्या टोपणामागे लगेच वायंडिंग असतं. स्क्रू दोन मिलिमीटर लांब असला तर तारेच्या एनॅमलला टोक लागतं आणि मोटर पहिल्याच फेरीत जळू शकते. स्क्रू आत किती जाऊ शकतो ते मोटरीच्या कागदावर दिलेलं असतं. मी ते वाचलं, मोजलं आणि वॉशर घातले. पिनियनचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) शाफ्टच्या चपट्या बाजूवर बसवला आणि धातूला धातू आहे म्हणून थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब टाकला.

गिअरबॉक्स उघडलाच होता, तर प्लास्टिकचे बुश काढून ५ बाय ११ चे बॉल बेअरिंग घातले. खरं सांगायचं तर पैसे थोडेच असतील तर मोटरीआधी बेअरिंग घ्या. जुनी ग्रीस रॉकेलने धुतली, नवी बेताने लावली. टामियाने हे मॉडेल पुढे पुन्हा बाजारात आणलं, त्यामुळे गिअरचा नवा संचही मिळाला. मूळ दात अजून धड आहेत, म्हणून तो खणात जपून ठेवला आहे.

पांढरा जुना कनेक्टर काढून एक्सटी६० लावला, कारण जास्त करंटला जुन्याच्या पिना तापतात. मूळ तीन पायऱ्यांचा यांत्रिक स्पीड कंट्रोल आणि त्याचा चिनी मातीचा रेझिस्टर काढून ठेवला. ते दोन्ही माझ्या आवडीचे आहेत, पण ब्रशलेसला त्यांचा उपयोग नाही. ईएससीची लायपो कट-ऑफ (बॅटरी फार उतरण्याआधी मोटर थांबवणारी सोय) चालू केली, पंच (निघतानाच्या जोराची सेटिंग) सगळ्यात खालच्या पायरीवर आणला. हा पंच कमी करणं या ट्रकला इतकं मानवलं की अर्ध्या उड्या तिथेच थांबल्या.

भात कापल्यावर मोकळ्या झालेल्या शेतात आम्ही तो चालवला. बांधावरून तो सावकाश चढून गेला. जुन्या मोटरीवर आम्हाला तिथे पळवत न्यावं लागायचं आणि वर पोचताच गाडी उलटी व्हायची. भाचा म्हणाला, "मावशी, हा आता ऐकतो." पूर्ण बॅटरी संपवून मोटरीचं तापमान घेतलं, ते साठ अंशांच्या आत होतं. ऐंशीच्या वर गेलं असतं तर मी तिथेच थांबले असते.

राहिला तो मागच्या गठ्ठ्याचा पीळ. गिअरबॉक्स आणि चॅसिसच्या मधे पाचवा शॉक अ‍ॅब्सॉर्बर आडवा लावायची जुनी युक्ती पम्पकिनवाल्यांत प्रसिद्ध आहे. त्यासाठी चॅसिसला भोक न पाडता कंस बसवायचाय, मामाच्या हाताने जोडलेल्या प्लास्टिकला मी ड्रिल लावणार नाही. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणली आहे, मूळ स्क्रूंवरच ती कशी धरेल याचे कागदी नमुने कापून बघतेय. तो शॉक लागेपर्यंत पिनियन १८ चाच राहील.