बिघाडाचा पुरावा

आज जेवताना अण्णांनी लॅपटॉपबद्दल सहज विचारले, "मग नेमकं बिघडलं काय होतं रे?" आणि मला उत्तर देता आले नाही. "आता चालतंय," एवढेच मी म्हणालो. त्यांनी मान डोलावून ताकाचा पेला पुढे ओढला. त्यांच्यापुरता विषय संपला. माझ्यापुरता तो संपलेला नाही, म्हणून हे लिहीत बसलो आहे. अण्णांसमोर "माहीत नाही" म्हणणे मला पूर्वीपासूनच जड जाते, पण ते इथे नको.

चालते आहे हे खरे आहे. नव्या कर्नलवर, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या नव्याने बांधलेल्या गाभ्यावर, लॅपटॉप सुरू होतो, स्पीकरमधून आवाज येतो, आणि ताईला तेवढेच हवे होते. काम तरी केवढे? ध्वनीच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या कर्नलच्या भागात, एक लांबलचक तक्ता असतो. त्यात या मॉडेलचा क्रमांक आणि त्याला कोणती दुरुस्ती लावायची याचे नाव, अशी एकच ओळ घालायची होती. लिनक्स कर्नलच्या सोर्स कोडमध्ये आज चार कोटींच्या आसपास ओळी आहेत, त्यांतल्या निम्म्याहून अधिक निरनिराळ्या ड्रायव्हरांच्या. त्यांत आणखी एक वाढवण्यासाठी यंत्राचा पंखा तासन् तास घरघरत राहिला. तेवढेच एक मॉड्यूल, म्हणजे कर्नलला बाहेरून जोडता येणारा तुकडा, वेगळे कंपाइल करून (सोर्स कोडपासून चालण्याजोगे बनवून) पाहिले होते, पण त्याच्यावरची आवृत्तीची खूण चालू कर्नलशी तंतोतंत जुळेना आणि कर्नलने ते "इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट" म्हणून दारातूनच परत पाठवले. मग सगळेच कंपाइल करायला घेतले.

सुरुवातीचे अडथळे सोसण्यासारखे होते, कारण ते स्वतःचे नाव सांगत होते. कंपाइल करायला लागणारी साधनेच नव्हती: फ्लेक्स नाही, बायसन नाही, लिबएल्फ नाही. जुन्या कॉन्फिगमधून, म्हणजे कर्नलमध्ये काय घ्यायचे याच्या यादीतून, वारशाने आलेला, प्रमाणपत्राच्या फाइलचा असा एक पत्ता जो माझ्या यंत्रावर कधी नव्हताच. डीबगच्या, म्हणजे दोष शोधताना उपयोगी पडणाऱ्या, माहितीसाठी लागणारे पाहोल नावाचे साधन. कंपाइल करवणारी मेक ही आज्ञा थांबे, काय हवे ते सांगे, ते दिले की पुढे चाले. इतका सरळ व्यवहार माणसांशीही क्वचित होतो.

पुढचे पॅनिक, म्हणजे कर्नलने हात टेकून सगळे थांबवणे, तसे नव्हते. यंत्र सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या ग्रबच्या मेनूतून नवा कर्नल निवडला, ओळी सरसर वर गेल्या आणि पडदा एका वाक्यापाशी गोठला: "व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)", म्हणजे रूट, अर्थात मूळ फाइल सिस्टिम, जोडता येत नाही. कंसातली दोन शून्ये म्हणजे उपकरणाचे मेजर आणि मायनर क्रमांक. दोन्ही शून्य, म्हणजे कर्नलच्या हाती कोणतेच उपकरण लागलेले नाही. माझ्याकडे रूटचा पत्ता यूयूआयडीने, म्हणजे तिच्या ओळख-क्रमांकाने, दिलेला आहे, आणि फाइल सिस्टिमचा यूयूआयडी वाचून डिस्क शोधून काढणे हे कर्नलचे नव्हे, इनिटरॅमएफएस या सुरुवातीला स्मृतीत उघडणाऱ्या फाइलीमधल्या छोट्या प्रणालीचे काम असते. ती जागी होऊन तिला डिस्क सापडली नसती, तर तिने निदान आपला प्रॉम्प्ट पुढे केला असता. प्रॉम्प्ट न येता थेट पॅनिक आले, त्या अर्थी इनिटरॅमएफएस उघडलेच गेले नव्हते. इथपर्यंत माझा तर्क पक्का आहे, आणि इथेच तो थांबतो.

उघडले का गेले नाही? ज्या झेडएसटीडी पद्धतीने ती फाइल दाबलेली होती ती उलगडण्याची सोय कर्नलमध्ये नसेल, असे वाटले. कॉन्फिग पाहिली तर ती आधीपासूनच चालू. बूट पार्टिशन, म्हणजे कर्नल आणि ही फाइल ठेवायचा डिस्कचा भाग, भरून फाइल लिहिलीच गेली नसेल, हे अधिक संभवते, कारण मॉड्यूलांमधली डीबगची माहिती न गाळल्यामुळे ती अवाढव्य होणार होती. त्या रात्री मी जुने कर्नल काढून जागा केली, मॉड्यूले गाळून पुन्हा बसवली, इनिटरॅमएफएस नव्याने तयार केले, ग्रबची यादीही नव्याने तयार केली, आणि यंत्र निमूटपणे सुरू झाले. रात्रीचा दीड वाजला होता. त्या क्षणी कारण विचारण्याइतका मी शहाणा नव्हतो आणि कोणी असेल असे मला वाटत नाही.

त्यानंतर मी बिघाडाच्या मागे लागलो आहे. डीबगची माहिती परत आणली, बूट पार्टिशन फालतू फाइलींनी भरत नेले; तर इनिटरॅमएफएस तयार करणाऱ्या आज्ञेने जागा उरली नसल्याची स्वच्छ तक्रार केली आणि आधीची फाइल जागच्या जागी ठेवून ती बाहेर पडली. यंत्र पुन्हा सुरू झाले. पहिल्या खेपेस आधीची फाइल नव्हतीच, म्हणून ग्रबच्या नोंदीत इनिटआरडीची, म्हणजे ती फाइल उघडायला सांगणारी, ओळ आली नसेल, असे म्हणता येते. फाइल पुसून, यादी नव्याने करून पाहिले. पॅनिक आले, तीच दोन शून्ये घेऊन आले. पण त्याने असे होऊ शकते एवढेच ठरते, तसेच झाले होते हे ठरत नाही. हा मी घडवलेला बिघाड आहे. मला तो हवा आहे जो आपणहून आला होता.

आणि त्याचा पुरावा कुठेही नाही. जर्नल, म्हणजे प्रणालीची रोजनिशी, उघडले तर त्यात फक्त नीट सुरू झालेल्या वेळांच्या नोंदी आहेत; जिथे डिस्कच जोडली गेली नाही तिथे लिहिणार कोण आणि कशावर? पॅनिकचा मजकूर फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्रातच कायम असलेल्या प्रोग्रामच्या, स्मृतीत जपून ठेवणारी पीस्टोअरची सोय आहे, पण माझ्या कॉन्फिगमध्ये तिचा तो भाग मॉड्यूल म्हणून होता, आणि मॉड्यूल न उघडलेल्या त्या डिस्कवर, म्हणजे डब्याची किल्ली डब्यातच. फोनने काढलेल्या छायाचित्रात फक्त शेवटच्या ओळी आहेत. कन्सोलवर मागे सरकून वरचे वाचण्याची जुनी सोय २०२० साली, ५.९ या आवृत्तीत, काढून टाकण्यात आली. नसती काढली तरी पॅनिकनंतर कळफलकाने ऐकले असते असे नाही. यंत्राच्या लेखी त्या रात्री काही घडलेच नाही.

कर्नलवर काम करणारे लोक अशा प्रश्नाला गिट बायसेक्ट लावतात. एका आवृत्तीपासून पुढच्या आवृत्तीपर्यंत दहा हजारांहून अधिक बदल होतात, तरी प्रत्येक पायरीला निम्मे बाद करत चौदाएक पायऱ्यांत दोषी बदल हाती लागतो. फार सुंदर रीत आहे. तिला फक्त एक टोक चांगले आणि एक टोक वाईट लागते, आणि माझे वाईट टोक नाहीसे झाले आहे. एवढ्या रात्री घालवून हाती काय आले, तर अण्णांच्या एका साध्या प्रश्नाला देण्यासारखे वाक्यसुद्धा नाही, असे वाटून संध्याकाळी मन फारच खट्टू झाले होते. नोकरीच्या बाबतीतही हल्ली... ते असो.

लिहिता लिहिता थोडे हसू येऊ लागले आहे. यंत्र सुरू होत नव्हते तेव्हा मी रडत होतो, सुरू झाले म्हणूनही रडतो आहे, आणि मधल्या काळात चांगले चालणारे यंत्र मी स्वतः बसून मोडून पाहिले आहे. ताईला हे कळले तर ती लॅपटॉप काढून घेईल आणि ते योग्यच होईल. अण्णांना उद्या "जागा कमी पडली होती" असे सांगून टाकतो. ते बहुधा खरेही आहे.

बाकी, पुढच्या कर्नलची कॉन्फिग आत्ताच उघडली आहे. पीस्टोअर या वेळी मॉड्यूल न ठेवता आतच बांधून टाकतो, म्हणजे पॅनिक आलेच तर त्याचा मजकूर मागे राहील आणि वरच्या ओळीही वाचता येतील. अडचण एवढीच की ते यावे असे मला आता मनापासून वाटू लागले आहे, आणि ही गोष्ट घरात कोणालाही सांगण्याजोगी नाही.