सगळी उत्तरं बरोबर

कुष्ठरोगाबद्दल लोकांना काय माहीत आहे आणि काय वाटतं, हे विचारत आम्ही घरोघर फिरत होतो. त्या घरी साठीच्या आसपासच्या एक बाई भेटल्या. रोग कशाने होतो? जंतूने. सुरुवात कशी होते? अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा येतो, खाजत नाही, दुखत नाही. बरा होतो का? गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, गोळ्या फुकट मिळतात. मागच्या जन्मीचं पाप वगैरे काही नसतं, हे तर त्यांनी न विचारताच सांगितलं. इतकी चोख उत्तरं क्वचितच मिळतात.

पुढचा प्रश्न होता, बऱ्या झालेल्या माणसाच्या घरात मुलगी द्याल का?

"छे! दुसरी घरं काय ओस पडलीत?"

दाराआड त्यांची सून उभी होती. मी निघाले तशी ती मागच्या बाजूने आली. "ताई, जरा बघता?" उजव्या करंगळीला भाजल्याचा मोठा फोड होता. गरम भांडं लागलं असावं, म्हणाली; भाजलेलं तिला फोड दिसला तेव्हाच कळलं.

आडोशाला नेऊन तपासलं. दंडावर आणि पाठीवर मिळून सातेक चट्टे होते. डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची बारीक वात करून टेकवत गेले. स्पर्श जाणवेल तिथे तिने बोट ठेवायचं. चांगल्या कातडीवर तिचं बोट झटकन येई. चट्ट्यावर वात टेकवली की हात मांडीवर तसाच पडलेला. कोपरामागची नस (मज्जातंतू) चाचपली तर दोरीसारखी जाड लागली, आणि दाबताच ती कळवळली.

"किती दिवस आहे हे?"

"दोन वर्षं झाली असतील. मला माहीत होतं काय आहे ते. दवाखान्यातलं पोस्टर वाचलं होतं. म्हणूनच दाखवलं नाही."

हे ऐकून मी सुन्न झाले. पोस्टर वाचून माणूस तपासायला येईल, हे आम्ही धरूनच चालतो. तिला रोगाची माहिती होती, तशीच घराचीही होती. चट्ट्यावर ती गजकर्णाचं मलम लावत राहिली आणि तेवढ्यात नसेचं नुकसान होत राहिलं. गोळ्या जंतू मारतात. मेलेली नस परत आणत नाहीत. हातपाय वाकडे होतात ते अशा उशिरामुळे, आणि लोक घाबरतात तेही त्या वाकड्या बोटांनाच. लपवण्यातून व्यंग, व्यंगातून भीती आणि भीतीतून पुन्हा लपवणं, असं हे चालू राहतं.

पाचपेक्षा जास्त चट्टे, म्हणजे १२ महिन्यांचा बहुविध औषधोपचार, एकाच वेळी अनेक औषधं. लघवी लालसर होईल, कातडी काळवंडेल, घाबरून गोळ्या सोडू नकोस, हे मी तिला आधीच सांगितलं. रंग बदलला की चारचौघांत विचारणा होते आणि बरेच जण तिथेच गळतात. नस अचानक ठणकू लागली किंवा हातातली ताकद गेली तर त्याच दिवशी ये, हेही बजावलं. वेळेवर स्टेरॉइड दिलं तर हात वाचू शकतो.

घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची, तर त्यांना सांगणं भाग होतं. तिची परवानगी घेतली. आधी नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, "उद्याच जाऊ." सासूबाई मात्र बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, "तिच्या हातचं खाल्लेलं चालेल?"

मी म्हटलं, "इतकी वर्षं खाताच आहात. हा अन्नातून पसरत नाही, हात लावल्याने लागत नाही. उपचार न घेतलेल्या माणसाच्या दीर्घ सहवासात, नाकातोंडातल्या तुषारांमधून पसरतो, आणि बहुतेकांच्या अंगात त्याला तोंड देण्याची ताकद असतेच. गोळ्या सुरू झाल्या की तिच्यापासून लागण होत नाही. लक्षणं दिसायला सरासरी ५ वर्षं लागतात, कधी २०सुद्धा. तिला कुणाकडून लागला हे शोधत बसू नका."

त्या म्हणाल्या, "बरं. पण बाहेर कळता कामा नये." मी शब्द दिला. सासूबाईंनी बाही वर सारली आणि तपासणीसाठी हात पुढे केला.