भाताच्या लोंब्यांचा कुर्ता
आज छापून आलेलं कापड बेतायला घेतलं. खानापूरकडच्या शिवारातल्या लोंब्या बघून काढलेली नक्षी सुती कापडावर उतरली, आणि काय सुरेख उतरली!

संगणकाच्या स्क्रीनवरचा हिरवा आणि कापडावरचा हिरवा कधीच एक नसतो, म्हणून आधी लहान तुकडा छापून रंग ठरवले होते. सुती कापडाला रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे धाग्याशी रासायनिकरीत्या जोडले जाणारे रंग वापरतात. छपाईआधी कापडाला सोडा आणि युरिया लावून घेतात, छापल्यावर वाफ देतात, तेव्हा रंग धाग्याला पक्का धरतो. शेतात भाताला घालतो तोच युरिया लोंब्या छापायलाही लागतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सुती कापड पाण्यात आटतं, म्हणून धुऊन, इस्त्री करूनच कात्री लावली. लोंब्या सगळ्या एकाच अंगाला झुकलेल्या. त्यामुळे तुकडे उलटसुलट मांडून कापड वाचवता येत नाही, जास्तच घ्यावं लागतं. बाजूच्या शिवणीवर दांडा तुटू नये म्हणून टाचण्या लावत बसले. सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला, आणि जायलाच हवा.

शहापूरच्या मावशी आल्या होत्या. सगळी हयात मागावर गेलेली. त्यांनी आधी कापड उलटंच केलं. "मागनं फिकं हाय गे." बरोबर आहे, शाई वरच्याच अंगाला जास्त राहते. मग गळ्याची आणि बाह्यांची पट्टी फिकी बाजू दिसणार नाही अशी आत दुमडली.

पुढचं कापड मावशींसाठी. त्यांना किनार हवीय, रुंद.