सध्या काय गाजतंय?

ऑफिसच्या इंट्रानेटवर वर्षभर सगळ्यात जास्त उघडली जाणारी फाइल कोणती? बहुतेक सुट्ट्यांची यादी. तिच्या मागे रजेचा अर्ज, मग प्रवासखर्चाचा फॉर्म. ‘सध्या गाजणारी कागदपत्रं’ अशी चौकट मुखपृष्ठावर लावून नुसते क्लिक मोजले, तर जानेवारी ते डिसेंबर याच तिघांचं राज्य. समोर दिसतात म्हणून लोक उघडतात आणि उघडतात म्हणून त्या समोरून हलत नाहीत.

गाजणं म्हणजे ताजेपणा, म्हणून क्लिकला वय हवं. आजचा क्लिक 1, तीन दिवसांपूर्वीचा अर्धा, सहा दिवसांपूर्वीचा पाव. एकाच माणसाने दिवसात दहा वेळा उघडली तरी एकदाच धरायची. नाहीतर मसुदा लिहिणाराच एकट्याने आपली फाइल गाजवतो.

इंट्रानेट शेअरपॉइंट ऑनलाइनवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या फाइली आणि पानं ठेवायच्या सेवेवर असेल, तर हा हिशेब आपल्याला करावा लागत नाही. मायक्रोसॉफ्ट ग्राफला, म्हणजे तिथली माहिती प्रोग्रामला पुरवणाऱ्या सेवेला विचारायचं, पत्ता ‘मी/इनसाइट्स/ट्रेंडिंग’. यातला इंग्रजी ‘मी’ मराठीतही चपखल बसतो, कारण ही यादी कंपनीची नसतेच, पाहणाऱ्याची असते! ज्यांच्याबरोबर आपलं काम चालतं, त्यांच्या आसपास हलत असलेल्या शेअरपॉइंट आणि वनड्राइव्हवरच्या फाइली त्यात येतात. ज्या वाचायची परवानगी नाही त्या येत नाहीत. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला वेगळीच यादी दिसते. ‘त्याला दिसतंय, मला का नाही?’ ही तक्रार येणारच, पण तो बिघाड नव्हे. चौकटीवर ‘कंपनीत गाजणारं’ असं लिहिलं की आपणच ती तक्रार ओढवून घेतो. ‘तुमच्या आसपास’ लिहावं.

बांधकाम फार नाही. योमन जनरेटर या कोडचा सांगाडा तयार करणाऱ्या साधनाने वेब पार्टचा, म्हणजे पानावर बसवायच्या आपल्या चौकटीचा सांगाडा काढायचा, रिअ‍ॅक्ट (पडदा रचायची लायब्ररी) निवडायचं, ग्राफशी बोलणाऱ्या ग्राफ क्लायंटने यादी मागवायची. प्रत्येक नोंदीत शीर्षक, फाइलचा प्रकार, दुवा आणि वजनाचा आकडा मिळतो. वजन फक्त क्रम लावायला वापरावं; पडद्यावर आणलं की लोक त्याचा अर्थ विचारत सुटतात. पाच-सहा नोंदी पुरतात.

अडतं ते परवानगीत. पॅकेजच्या, म्हणजे वेब पार्टच्या तयार गठ्ठ्याच्या सेटिंगमध्ये ‘साइट्स.रीड.ऑल’ ही साइट वाचायची परवानगी मागावी लागते आणि पॅकेज अ‍ॅप कॅटलॉगमध्ये, कंपनीच्या अ‍ॅपच्या साठ्यात, चढवल्यावरही अ‍ॅडमिनने एपीआय अ‍ॅक्सेसच्या पानावर ती वेगळी मंजूर करावी लागते. ते राहिलं की चौकटीत फक्त नकार. अ‍ॅडमिन का-कू करतो त्यातही तथ्य आहे: ही मंजुरी सहसा एका वेब पार्टपुरती राहत नाही, त्याच टेनंटमधल्या, म्हणजे कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातल्या इतर वेब पार्टनाही ती वापरता येते.

नव्याने रुजू झालेल्याची यादी रिकामी असू शकते. कुणी इनसाइट्स, म्हणजे ही यादी काढणारी सोय, बंद केलेले असतात. तिथे गोल चकती फिरवत न ठेवता एक सरळ वाक्य दाखवावं.

एवढं सगळं नीट जमल्यावर चौकटीत दिसतं काय? ‘फायनल’, ‘फायनल 2’ आणि ‘फायनल खरंच’. यावर कोडमध्ये इलाज नाही.